शुक्रवारची रिकामी गाडी

आमच्या घरात बाबांनी मान हलवली याला काहीएक अर्थ नसायचा. "येताना मीठ आणा" असं आईनं सांगावं, बाबांनी झकास मान हलवावी आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं घरी यावं, हे आठवड्यातून दोनदा तरी व्हायचं. शेवटी आईनं नियमच करून टाकला. बाबांना काही सांगायचं तर त्यांच्या समोर उभं राहायचं, आपलं तोंड त्यांना नीट दिसतंय ना ते बघायचं, सावकाश सांगायचं, आणि सांगून झालं की विचारायचं, "काय सांगितलं, बोला बघू." बाबा वैतागायचे. "मी काय बालवाडीत हाय?" म्हणायचे. पण बोलून दाखवायचे. बोलून दाखवलं की मीठ यायचं, नुसती मान हलवली की नाही यायचं, इतकं ते सरळ होतं.

बाबा लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर होते. शेलारला आमच्या चाळीतल्या दोन खोल्या लूमच्या शेडला पाठ लावून होत्या, मधे एकच भिंत. पलीकडे चोवीस लूम आणि अलीकडे आम्ही चार माणसं: आई, बाबा, मी आणि माझ्याहून पाच वर्षांनी लहान असलेला पक्या. दिवसाची शिफ्ट असो नाहीतर रातपाळी, ती खटखट भिंतीतून आत यायची, फळीवरचे डबे हळूहळू कडेला सरकायचे आणि आई येता-जाता ते मागे ढकलायची. त्या आवाजात वाढलेली पोरं आम्ही, आम्ही बोलायचो म्हणजे ओरडायचोच. फक्त शुक्रवारी लूम बंद असायचे. शुक्रवारी पहिल्यांदा कळायचं की आपल्या घरातल्या स्टोव्हलाही आवाज आहे, आणि पक्या झोपेत दात खातो. शेडच्या आत तर ओरडूनही काही उपयोग नसायचा, तिथली माणसं हातांनी बोलायची. धाग्याची कांडी संपली, चहा आला, मुकादम येतोय, प्रत्येकाला खूण होती. ज्याला खूण नव्हती त्याला मान हलवायची, पंजा वर करून 'ठीक' असं दाखवायचं आणि धागा तुटायच्या आत लूमकडे वळायचं. वर्षानुवर्षं असं केल्यावर माणूस शेडबाहेरही तेच करणार, दुसरं काय? मी चौथीत असताना मास्तरांनी बाबांना बोलावून घेतलं आणि माझं अक्षर, माझा उद्धटपणा आणि मधल्या सुट्टीतल्या मारामाऱ्या यांवरून अर्धा तास झापलं. बाबा हसऱ्या तोंडानं मान हलवत उभे होते. शेवटी मास्तर मला म्हणाले, "असा समजूतदार बाप मिळायला भाग्य लागतं, पोरी." बाबांच्या कानांबद्दल बाहेर बोलायची मला बंदी होती.

ती बंदी कशी आली ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आईचं माहेर दिघाशी, शेलारहून वाडा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यानं तासाभराची वाट. तिथं तिचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणायचे, आणि तिचा थोरला भाऊ, आमचा गोविंदमामा. मी सात वर्षांची असताना आबा वारले. सकाळीच गावातला एक माणूस निरोप घेऊन निघाला. आई आम्हाला घेऊन नदीवर धुणं धुवायला गेलेली, घराला कुलूप. तो शेडवर गेला आणि त्या गदारोळात बाबांच्या कानाशी ओरडून त्यानं सांगितलं. बाबांनी मान हलवली, पंजा वर करून 'ठीक' केलं आणि तुटलेला धागा जोडायला वळले. त्या माणसानं परत जाऊन सांगितलं, निरोप पोचला, त्यांनी मान हलवली. दिघाशीला दुपार कलेपर्यंत आमची वाट पाहिली आणि मग आबांना नेलं. आम्हाला कळलं दुसऱ्या दिवशी, तिकडून येणाऱ्या दूधवाल्याकडून. आई मला बखोटीला धरून धावत सुटली. माहेरच्या उंबऱ्यावर मामा उभा होता. तो म्हणाला, "आता कशाला आलीस? निरोप ऐकून तुझ्या नवऱ्यानं मान हलवली अन् लूम चालवत बसला. बापापरीस कापडाचा तागा मोठा झाला काय त्याला?"

आईनं तेव्हा एक वाक्य बोलायला हवं होतं: दादा, त्यांना ऐकू येत नाही. तिनं ते गिळलं. कारण तिच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा हाच मामा सगळ्यांदेखत म्हणाला होता, "लूमवाल्याला बहीण द्यायची न्हाय. चार वर्षांत ठार बहिरा व्हईल तो, बघाच." आणि आई हट्टाला पेटली होती, करीन तर ह्याच माणसाशी. आता कुठल्या तोंडानं सांगणार? नवऱ्याला बहिरा म्हणायचं की माहेराला मुकायचं, यातलं एक तिनं उंबऱ्यावर उभ्याउभ्या निवडलं आणि पाणीही न पिता मागे वळली. परतीच्या वाटेवर तिनं माझा हात आपल्या गळ्याला लावून घेतला. "बाबांना ऐकू येत न्हाय हे भाईर कुणाला, दिघाशीच्या माणसांना तर कवाच सांगायचं न्हाय. माझी शपथ हाय." बाबा त्या रात्री भिंतीशी बसून सारखे एकच म्हणत होते, "कोण आलं होतं ते मला आठवतच न्हाय गं." खरंच आठवत नव्हतं. दिवसभरात शंभर जणांना मान हलवणाऱ्या माणसाला एकशेएकावा कसा आठवणार?

त्यानंतर सहा वर्षं आई माहेरी गेली नाही. दर भाऊबीजेला ती तबक घेऊन चाळीच्या गच्चीवर जायची आणि चंद्राला ओवाळायची. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका तसं ओवाळतात. खाली उतरताना तिचा चेहरा असा असायचा की पक्यासुद्धा फराळाचं ताट पुढे ओढायला धजायचा नाही. बाबा त्या दिवशी मुद्दाम ओव्हरटाइम घ्यायचे. मला तेव्हा त्यांचा राग यायचा. आज वाटतं, घरी बसून त्यांनी तरी काय करायचं होतं?

मी तेरा वर्षांची होते त्या दिवाळीत, भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले असतील, रफिकचाचा आमच्याकडे चहाला आला. रफिकचाचा बाबांचा जुना दोस्त, त्याचा स्वतःचा टेम्पो होता. आठवडाभर तो लूमचे तागे गोदामात पोचवायचा. करंजी खाता खाता तो म्हणाला, "जुम्मे को कपडा उठता नहीं, तो मैं घास लाने जाता हूँ, तबेलेवालों के लिए. जाते टाइम पूरी गाडी खाली जाती है, भाभी. दिल दुखता है." मग मराठीत आला. "दिघाशीला एक शेतकरी हाय, गोविंद नाव त्याचं. आदमी एकदम कडक, हसत न्हाय कवा. पण गवत एक नंबर." आई तांदळाचं पीठ मळत होती. तिचे हात थांबले. मग तिनं पीठ असं काही बडवलं की परात वाजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं जाहीर केलं, "आपण फिराया जायाचं."

आमच्या घरात कुणी कधी फिरायला गेलेलं नव्हतं. लग्नाला जायचो, बाराव्याला जायचो, जत्रेला जायचो. नुसतं फिरायला म्हणजे काय, हेच आम्हाला धड माहीत नव्हतं. मी वहीचं मागचं पान काढलं आणि वर मोठ्या अक्षरात 'सहल' लिहिलं. मला समुद्र बघायचा होता. अर्नाळ्याचा समुद्र काय, दूर थोडाच होता, पण मी पाहिला नव्हता आणि वर्गातल्या दोन मुली पाहून आल्याचा तोरा मिरवत होत्या. पक्याला विमान जवळून बघायचं होतं. आईनं दोन्ही बेत उडवून लावले. "अकलोलीला जायाचं. गरम पाण्याची कुंडं हायत, वज्रेश्वरी देवी हाय."

"गरम पाण्यात म्हातारी माणसं बसतात," मी फणकारले.

"मंग तुझा बाप काय तरणाताठा हाय?"

"आपल्याकडं स्टोव्हवर पण होतं गरम पाणी!"

"तोंड बघ किती चालतं भवानीचं. लिही गुमान."

मी लिहू लागले. आई वांगी चिरता चिरता सांगत होती आणि मला कळायला लागलं की हा बेत तिनं रात्रभर जागून रचलाय. रफिकचाचाची गाडी शुक्रवारी रिकामीच जाते, म्हणजे जाणं फुकट. तो आम्हाला सकाळी अकलोलीला सोडणार, मागे दिघाशीला येणार, वाटेतल्या मशिदीत दुपारची नमाज पढणार आणि मग गवत भरणार. भाकऱ्या आपल्या, चटणी आपली, पाण्याचा कॅन आपला. देवीला नारळ तेवढा तिथं घ्यायचा, दुसरं काही मागायचं नाही, पक्यानं तर नाहीच नाही. "अंघोळ, दर्शन, जेवण," आई म्हणाली. मी लिहिलं. "मंग सहा सीटवाल्या रिक्षेनं दिघाशी. तिथून चाचाच्या गाडीनं घर." दिघाशी लिहिताना मी मान वर करून पाहिलं. आई वांग्याकडे बघत होती. "तिथं कुणाच्या दारात जायाचं न्हाय हां," ती म्हणाली, "माळावर गाडी असंल, तिथूनच बसायचं." तेरा वर्षांची पोर काही दूधखुळी नसते. फिरायला जायचं ते सगळं निमित्त होतं. तिला मामा लांबून का होईना, डोळ्यांनी बघायचा होता. माझा समुद्र मी तिथंच सोडून दिला, कुरकुर तेवढी चालू ठेवली.

आता माझा नातू मोबाइलवर सहली ठरवतो. कुठं राहायचं, कुठं जेवायचं, वाटेत चहा कुठला चांगला, सगळं बसल्या जागी. मागच्या महिन्यात त्यानं मला गरम पाण्याच्या कुंडांचे फोटो दाखवले आणि म्हणाला, "आजी, हे आपल्या इतक्या जवळ आहे आणि आपल्याला माहीतच नाही!" मी म्हटलं, हो रे बाबा, कमालच आहे.

संध्याकाळी आई बाबांसमोर उभी राहिली. सावकाश सगळं सांगितलं. "काय सांगितलं, बोला बघू."

"शुक्रवारी फिराया जायाचं. रफिकच्या गाडीनं. गरम पाणी, देवी," बाबा बोलले आणि थांबले. मग आईच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "येताना दिघाशी." बाबा उठले, कोपऱ्यातली चप्पल घेतली आणि तिचा तुटका अंगठा शिवत बसले.

गुरुवारी रात्री आईनं भोपळ्याचे घारगे तळले. आम्ही चार माणसं, प्रत्येकी तीन खाल्ले तरी बारा होतात. आईनं पितळी डबा गच्च भरला. मी विचारलं, इतके कशाला? ती म्हणाली, "परवासात भूक लागते." आमच्याकडे घारगे कुणाला फारसे आवडत नव्हते. ते कुणाला आवडायचे, हे मी न विचारताच ओळखलं.

टेम्पोत मागे आईनं गोणपाट अंथरलं. गाडीला खळीचा वास होता, कापडाला लावतात त्या खळीचा. आमच्या बाबांनाही तोच वास यायचा, त्यामुळे मला ते घरच वाटलं. ऊन कोवळं होतं, भात कापून झालेली शेतं दोन्ही बाजूंनी मोकळी पडलेली, माळावर गवत उभं, पिवळं. आज त्याच रस्त्यानं जाताना कंबरेचं भजं होतं आणि दोन्ही अंगांना गोदामांचे पत्रे दिसतात. तेव्हाही खड्डे होतेच, पण तेव्हा आमच्या कंबरा नव्या होत्या. पक्या प्रत्येक खड्ड्याला मुद्दाम उडायचा आणि खिदळायचा. बाबा केबिनच्या मागच्या दांडीला धरून उभे होते, तोंडावर वारा घेत. एवढ्या उजेडात इतका वेळ मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. भुवयांवर कापसाची बारीक लव असायची नेहमी, ती वाऱ्यानं उडून गेली तेव्हा दिसलं की त्यांच्या भुवया काळ्याभोर आहेत. आईही चोरून तेच बघत होती. मी पकडल्यावर म्हणाली, "काय बघतेस, कॅन पडंल तो धर."

कुंडाचं पाणी चांगलंच कढत होतं. बायकांच्या बाजूला आम्ही अंघोळ उरकून घेतली. मग दगडी पायऱ्यांवर बाबा पाय सोडून बसले होते तिथं आई आली. "कान बुडवा," ती म्हणाली. बाबांनी मान हलवली आणि पाय आणखी खोल सोडले. मला हसू आवरेना. आई हसली नाही. ती खालच्या पायरीवर टेकली, चार माणसं बघत असताना, आणि ओंजळीनं ते गरम पाणी बाबांच्या एका कानावर आणि मग दुसऱ्या कानावर घालत राहिली. बाबा लाजले, पण हलले नाहीत. किती वेळ चाललं ते कुणास ठाऊक. शेवटी आई कानाशी वाकून म्हणाली, "काय फरक वाटतोय का?" बाबांनी मान हलवली. तिनं पदरानं त्यांचे कान पुसले. तो फरक होता की नुसती मान होती, हे विचारायचं धाडस तिलाही झालं नाही.

देवीच्या पायऱ्या चढलो, नारळ फोडला, झाडाखाली बसून तांदळाच्या भाकऱ्या, वालाची सुकी उसळ आणि लसणीची चटणी खाल्ली. घारग्यांचा डबा उघडलाच नाही. पक्यानं मागितला तर आईनं त्याला भाकरी दिली. मग सहा सीटच्या रिक्षेत अकरा जण बसून आम्ही दिघाशीच्या वाटेवर उतरलो आणि माळाकडे चालू लागलो. लांबूनच टेम्पो दिसला, आणि माझे पायच थांबले. गाडी गवतानं ठासून भरलेली, केबिनच्या दुप्पट उंच, वर रफिकचाचा उभा राहून दोर आवळत होता.

"आई," मी म्हटलं, "आपण बसायचं कुठं?"

येताना गाडी भरलेली असणार हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं! रिकामी गाडी, रिकामी गाडी म्हणून आम्ही चार दिवस नाचत होतो, आणि ती रिकामी कशासाठी जाते हेच विसरलो. केबिनमध्ये चाचाखेरीज दोन माणसं मावतील, फार तर. लूमवाल्यांचं हे असंच. कपडा उठून गोदामात पोचला की गाडी परत रिकामी येते, हेच आम्ही जन्मभर पाहिलेलं. पण खरं सांगू? भाताचा एक दाणा उरू नये असं मोजून शिजवणारी माझी आई हे विसरली असेल यावर माझा आजही विश्वास नाही. मी तिला पुढे कितीदा तरी विचारलं. ती दर वेळी म्हणायची, "तुला काय वाटतं ते वाटू दे."

आई चिंचेखाली थांबली. पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि गाडीकडे पाठ केली. "तू बाबांना घेऊन जा. चाचाला विचार काय करायचं ते." तिचा आवाज कधी नव्हे इतका बारीक झाला होता. हातातला डबा तिनं पोटाशी धरला होता.

आम्ही दोघं गेलो, पक्या आईपाशीच राहिला. गवताच्या कुसळांनी हवा भरलेली, त्यामुळे भारे वर देणाऱ्या सगळ्या माणसांनी तोंडाला फडकी बांधली होती. त्यातला उंच माणूस मामा होता, मी डोळ्यांवरून ओळखला, ते आईचेच डोळे होते. त्यानं बाबांना पाहिलं, मग लांब चिंचेखाली पाहिलं. हातातला भारा खाली टाकला.

"या पाव्हणं," तो फडक्याआडून म्हणाला. "सहा वर्षांनी वाट घावली?"

बाबांना फडकं दिसत होतं, ओठ दिसत नव्हते. त्यांनी हसून मान हलवली.

"बाप मेला तवा पाय निघाला न्हाय. आज बायकापोरं घेऊन फिराया आलात?"

बाबांनी मान हलवली. भारे देणारे थांबले. वर रफिकचाचाही थांबला.

"काय लाज हाय का जराशी?"

बाबांनी आणखी जोरात मान हलवली आणि पंजा वर करून 'ठीक' असं दाखवलं, शेडमध्ये दाखवतात तसं. त्यांना वाटलं असणार की मामा विचारतोय, कसं काय, बरं हाय ना? इतकं भोळं, इतकं चांगलं हसू होतं त्यांच्या तोंडावर. मामाच्या कपाळाची शीर उडत होती. एका क्षणात तो हात उचलेल असं वाटलं. मला आईची शपथ आठवली, तिच्या गळ्याचा तो गरम स्पर्शसुद्धा आठवला. आणि मग मी ओरडले. आमच्या घरी ओरडतात तशी, भिंतीपलीकडे चोवीस लूम चालू असल्यासारखी.

"मामा, तोंडावरचं फडकं काढा! त्यांना ऐकू येत न्हाय!"

सगळ्या माळावर ते ऐकू गेलं असणार. चिंचेखालीही गेलं. मी मागे वळून पाहिलं नाही. मला थांबताच येईना. "ते सगळ्यांनाच मान हलवतात, मामा! मास्तरांना पण हलवली, दूधवाल्याला पण हलवतात. तुम्ही काय बोलताय ते त्यांना कायबी कळलेलं न्हाय. तवाही कळलं नव्हतं!"

मामा माझ्याकडे वळला. मग त्यानं फडकं हळूहळू खाली ओढलं. "कवापासून?"

"मला कळतंय तवापासून."

तो भाऱ्यावर बसला. मधेच बाबांकडे बघायचा, मधेच स्वतःच्या हातांकडे. बाबांचं हसू उतरलं होतं. काहीतरी बिघडलंय एवढं त्यांना कळलं होतं आणि ते माझ्याकडे बघत होते, काय झालं विचारत. मग मामा उठला. बाबांच्या अगदी समोर येऊन उभा राहिला, एका हाताच्या अंतरावर, तोंड उजेडाकडे करून. आणि सावकाश, एक एक शब्द सुटा करून म्हणाला,

"पाव्हणं. आबा गेले."

बाबांनी मान हलवली नाही. ते मामाच्या ओठांकडे बघत राहिले, आणि मग त्यांचं तोंड पोरासारखं वाकडं झालं. त्यांनी मामाचे दोन्ही हात धरले आणि रडायला लागले, मोठ्यानं, आमच्या घरी सगळं मोठ्यानंच करतात तसं. "मला कळलं न्हाय हो दादा," ते म्हणत होते, "मला कळलंच न्हाय." मामानं त्यांना खांद्याशी घेतलं. मी बाबांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

आई पळत आली ती थेट माझ्यावरच. "कार्टे, शपथ घातली होती ना तुला?" असं म्हणून तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला, आणि त्याच हातानं मला घट्ट धरलं. मामा म्हणाला, "शेवंते, एक शब्द बोलायचास. सहा वर्षं!"

"कशी बोलणार?" आई भांडायलाच उभी राहिली. "तूच बोलला होतास ना, चार वर्षांत बहिरा व्हईल म्हणून? सगळ्यांदेखत?"

मामा गोंधळला. "मी? मी असं बोललो होतो?"

त्याला आठवतच नव्हतं. ज्या वाक्यापायी माझ्या आईनं सहा भाऊबिजा चंद्राला ओवाळलं, ते तो बोलून विसरूनही गेला होता. आई त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग हसायलाच लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "ह्या घरात बहिरे किती अन् विसराळू किती," ती म्हणाली, आणि घारग्यांचा डबा त्याच्या हातात आदळला.

आरडाओरडा ऐकून घराकडून धावत आलेल्या मामीनं आम्हाला सोडलं नाही. बाबांना शनिवारी सकाळची शिफ्ट होती, म्हणून केबिनमधल्या दोन जागा बाबांना आणि पक्याला मिळाल्या. आई आणि मी आठवडाभर राहायचं ठरलं. पक्याचा तर आनंद गगनात मावेना, त्याच्या लेखी केबिन म्हणजे विमानच होतं. ऊन उतरायला लागलं तशी रफिकचाचानं घाई केली. आई खिडकीशी गेली आणि बाबांचं तोंड आपल्याकडे वळवून म्हणाली, "पक्याला उपाशी निजवू नका. फळीवर पोहे हायत. काय सांगितलं, बोला बघू."

"फळीवर पोहे," बाबा म्हणाले. "पक्याला द्यायचे."

मामा मागे उभा राहून हे सगळं बघत होता. आई बाजूला झाली तसा तो खिडकीशी आला. त्याच्या मिशीला घारग्याचा चुरा लागला होता. कडक माणूस, चारचौघांत कधी न हसणारा. त्यानं खिडकीच्या काठावर दोन्ही हात ठेवले, बाबांच्या डोळ्यांत बघितलं आणि सावकाश म्हणाला, "पाव्हणं, पुढल्या शुक्रवारी रिकाम्या गाडीनं या."

बाबांनी हसून मान हलवली.

चाचानं गाडी चालू केली. मामानं खिडकी सोडली नाही. "काय सांगितलं," तो म्हणाला, "बोला बघू."

बाबांनी एकवार माझ्याकडे, एकवार आईकडे पाहिलं. "पुढल्या शुक्रवारी या," ते बोलले, आणि मग मामानं न सांगितलेलं एक आणखी बोलले.

"येतो."